उपसून ठेवलेली विहीर

रांजणाच्या तळाला तांब्या खर्रकन घासला आणि तासाभरापासून गप्प असलेलं घर दचकलं. विशाखा चवड्यांवर उभी राहून, काखेपर्यंत हात आत घालून पाणी काढत होती. पाच वर्षांची पोर. मी झोपले आहे असं समजून तिनं तांब्या जपून बुडवला होता, पण बुडवायला पाणी उरलं नव्हतं.

"तू झोप," ती मला म्हणाली. "म्या न्हाय आवाज करत."

मी जागीच होते. दुपारी मला झोप येत नाही. या घरात येऊन मला सहा वर्षं झाली होती. विशाखाचे वडील भूमच्या डेपोत कंडक्टर. पंधरा दिवसांतून एकदा येतात, एक रात्र राहतात आणि पहिल्या गाडीनं परत जातात. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. माहेर माकणीला, दोन गाड्या बदलून. वस्तीत आमच्याच समाजाची तीस घरं, भिंतीला भिंत लागून. पण दुपारी दाराशी येऊन 'काय करायलीस गं' असं विचारणारं कुणी नव्हतं. वाईट कुणीच वागत नसे. फक्त मी आले की बायकांचं बोलणं जरा आखडायचं. मी नववी पास, म्हणजे त्यांच्या लेखी शिकलेली. कंडक्टरची बायको, म्हणजे पगारवाली. विहिरीवर मला घागर उचलून द्यायला हात मिळायचा, चेष्टा मिळायची नाही. एकमेकींची चेष्टा त्या दिवसभर करायच्या.

त्या दुपारी मात्र शेजारची पुतळाबाई धावत आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. गावातल्या कुणाचीही चाल करून दाखवणारी.

"वर गावात जीप आलीया. दारावर काय काय लिवलंय. चल, वाचून दाव."

विशाखाला कडेवर घेऊन मी तिच्यामागून वर गेले. चावडीसमोर जीप उभी होती. दारावर पांढऱ्या अक्षरांत 'भूजल सर्वेक्षण' असं होतं. जमिनीतलं पाणी मोजणारे लोक, मी पुतळाबाईला सांगितलं. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, उद्या सकाळी वस्तीची विहीर मोजायची आहे. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आम्ही खाली आलो तोवर बायका विहिरीवर जमल्या होत्या. मधे बनात्या बसल्या होत्या. नात्यानं माझ्या चुलत सासू, पण वस्तीतल्या सगळ्या सुना त्यांना आत्याच म्हणतात. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात हीच विहीर खणताना सुरुंगाचा दगड आला आणि बोटं गेली.

"मोजायला म्हंजी घ्यायला," बनात्या म्हणाल्या. "मागल्या साली शेजारच्या गावात आसंच मोजून गेले. आठ दिसांत तहसीलचा कागद आला, हिरीला टँकर लागला. ज्याची हीर त्योच घागर घिऊन लायनीत."

"पन वरच्या गावाला आपलं पानी चालंल का?" कुणीतरी विचारलं.

"टँकरमदी घातलं की चालतं," पुतळाबाई म्हणाली. "लोखंडानं धुतल्यावानी हुतं."

बायका हसल्या. बनात्या हसल्या नाहीत.

"बहात्तरच्या आदी आमी वरच्या आडापाशी घागर ठिवून उभं राहत हुतो. कुनाला दया आली तर वाढायचे. दुपार दुपार उभं राहायचं. आता त्याच गावाला ही हीर द्यायची?"

त्या उन्हाळ्यात वरच्या गावाचे दोन्ही आड तळाला गेले होते आणि आमच्या विहिरीत पाणी वरून सहाव्या थरावर होतं. विहीर अरुंद, दोन म्हशी जेमतेम आडव्या उभ्या राहतील एवढी. दगडाचे थर बनात्या आजही न बघता मोजतात.

"शिकलेलीला इचारा की," पुतळाबाई म्हणाली. "दरोज पेपर वाचती."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटतं, मी विचार केलाच नाही. इतक्या जणी माझ्या तोंडाकडे बघत आहेत, एवढंच मला कळत होतं.

"मोजायच्या आदी उपसून ठेवलं तर?" मी म्हणाले. "पानीच दिसलं न्हाय, तर काय घेतील?"

मग बनात्यांनी तीन बोटांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "व्यंकटची बायकू डोक्याची हाय की गं."

दिवस कलायच्या सुमाराला उपसा सुरू झाला. पुरुष आत दगडांवर पाय देऊन उभे राहिले, वर बायका, मधे बादल्यांची रांग. रांजण भरले, हौद भरले, म्हशींनी पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन घेतलं. तरी पाणी उरलं. मग पुतळाबाईनं घरातली वाकळ आणली आणि दगडावर आपटायला लागली. तिचं बघून सगळ्यांनी आणल्या. त्या दुष्काळात कुणी अंगावरचं लुगडंसुद्धा नीट धूत नव्हतं, आणि आम्ही वाकळा धुतल्या, पोरांना न्हाऊ घातलं, बाभळींच्या बुडाशी घागरी ओतल्या. विशाखा उघडी-नागडी पाण्यात नाचत होती. "माकणीवाली, जरा जोरानं पिळ," पुतळाबाई मला म्हणाली, "नवरा पंधरा दिसांनी येतो, हातात ताकद ठिव जरा." सगळ्या इतक्या हसल्या की बनात्यांना ठसका लागला. मीही हसले. माझ्या कानात ती चेष्टा किती दिवस राहिली.

सकाळी पाणी सोळाव्या थराखाली गेलं होतं.

साहेब आले ते एकटेच. नाव महालिंगप्पा. उमरग्याच्या पलीकडचे, घरी कानडी बोलणारे, त्यामुळं मराठी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायचे. त्यांनी पोलादी टेपच्या टोकाला खडू फासला, टेप आत सोडला, वर काढला आणि खडू कुठपर्यंत भिजला ते डोळ्यांजवळ धरून बघितलं.

"चोवीस फूट," ते म्हणाले. "रोज एवढंच असतं का?"

सगळ्या बायका परत माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या मागं कुंपणावर, बाभळींवर, छपरांवर तीस घरांच्या वाकळा वाळत होत्या.

"व्हय साहेब," मी म्हणाले. "एवढंच असतं."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. ते गेल्यावर पुतळाबाईनं त्यांच्यासारखा टेप डोळ्यांजवळ धरून दाखवला, आणि त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती माझ्या दाराशी आली. "काय करायलीस गं?" म्हणाली. मी तिला चहा केला. विशाखाच्या वडिलांनी आणलेली बिस्किटं काढली. ती तासभर बसली. माझं घर मला वेगळंच वाटलं.

जीप मात्र गेली नाही. साहेब वस्तीच्या वरच्या अंगाला, मुरमाड माळावर गुडघाभर खड्डे घेत होते. पिंपातलं पाणी त्यात ओतायचं, पट्टी उभी करायची आणि हातातल्या घड्याळाकडे बघत बसायचं. पाणी उतरलं की परत ओतायचं.

"साहेब खड्ड्याला पानी पाजायलेत," विशाखा मला सांगायला आली. तिला ते फार आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला आणायला मी माळावर गेले, तर ती साहेबांच्या शेजारी उकिडवी बसून पट्टीकडे बघत होती.

"तुमची मुलगी फार प्रश्न विचारते," साहेब म्हणाले. "कुठलं पाणी, कुणाचा खड्डा."

"कुनाचा हाय?" मीही विचारलं.

ते जरा हसले. मग त्यांनी सांगितलं. साखर कारखाना आता मळीपासून दारूचा कारखाना काढतो आहे. त्यातून काळं, वासाचं, कडू पाणी निघतं, रोज टाक्याच्या टाक्या. ते ओढ्यात सोडता येत नाही. म्हणून अशी जागा शोधायची, जिथं ते जमिनीत मुरेल. संचालकांनी हा माळ सुचवला होता. जमीन सरकारी, कारखान्याला जवळ.

"मुरूम पाणी चांगलं पितो," साहेब म्हणाले. "आणि तुमच्या विहिरीचं पाणी चोवीस फुटांवर, म्हणून बरं. मधे जाड कोरडा थर आहे, त्यातून ते गाळत गाळत जाईल. तुमच्या विहिरीचं पाणी वर असतं, दहा-बारा फुटांत, तर ही जागा मी स्वतः नाकारली असती. मग वर ओतलेलं सगळं थेट विहिरीत."

मी विशाखाचा हात धरला. तिच्या तळव्याला मुरमाची माती लागली होती. साहेबांनी पाण्याचा गडू मागितला तर मला ऐकूच आलं नाही. विशाखानं धावत जाऊन घरून आणून दिला.

संध्याकाळी मी विहिरीवर सगळ्यांना सांगितलं. पाणी परत भरून सहाव्या थराला आलं होतं. दोन दिवसांत, जसं काही झालंच नव्हतं. झिरपत होतं ते वरच्या अंगाच्या थरांतून, म्हणजे झरा त्या माळाखालूनच येत होता.

"आपुन साहेबाला खरं सांगू," मी म्हणाले. "न्हायतर दोन सालांत ह्या हिरीतून काळं पानी निघंल."

"आन खरं सांगितलं तर आठ दिसांत टँकर निघंल," बनात्या म्हणाल्या.

"टँकर पावसाळ्यात जाईल, आत्या. काळं पानी जानार न्हाय."

"कारखाना झाला तर ना. संचालक लई काय काय बोलत्यात. आजून वीट न्हाय लागली. टँकर तर दारात हाय." त्यांनी घागर खाली ठेवली. "पोरी, उपसायचं कुनी सुचवलं?"

"म्या."

"साहेबाला चोवीस फूट खरंय म्हनून कुनी सांगितलं?"

"म्याच."

"मग आता गप ऱ्हा. तुझं एवढं आयकलं, आता आमचं एवढं आयक."

"तिच्या घरी पगार येतो," मागून एक बाई म्हणाली. "हीर नासली तर ती भूमला जाईल ऱ्हायला. आपुन कुठं जायचं?"

पुतळाबाईकडे मी बघितलं. ती घागरीच्या गळ्याला दोर बांधत होती. गाठ बसलेली होती तरी ती बांधतच होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ विशाखाच्या वडिलांना चिठ्ठी दिली. सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं उत्तर आलं, तिकिटाच्या कागदाच्या मागं. 'वस्तीत तुला राहायचं आहे, मी बाहेर असतो. बनात्यांशी वाकडं घेऊ नको. पण पाणी विशाखापण पिते. तू बघून कर.' खाली, पैसे पुढच्या वारी आणतो, असं. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांच्याजागी मी असते तर मीही दुसरं काय लिहिलं असतं? पण त्या चिठ्ठीत मला टेकायला जागा नव्हती.

त्या रात्री विशाखानं झोपेत पाणी मागितलं. मी तांब्या तिच्या ओठांना लावला. ती डोळे मिटूनच पीत राहिली, घोट घोट, आणि तांब्या बाजूला केला तरी तिचे ओठ हलत होते.

सकाळी मी माळावर गेले. साहेब खुंट्या गोळा करत होते, दुपारी निघणार होते. मी सांगितलं. आम्ही उपसून ठेवलं होतं, का ठेवलं होतं, कुणी सुचवलं होतं. इतर कुणाचं नाव घेतलं नाही.

साहेबांनी खाली वस्तीच्या कुंपणांकडे बघितलं. मग म्हणाले, "त्या वाकळा."

"काय?"

"दुष्काळात, एका दिवशी, सगळ्या वस्तीच्या वाकळा वाळत होत्या. मी बघितल्या. मनात म्हणालो, किती स्वच्छ लोक आहेत. आणि टेपकडे बघत राहिलो." त्यांनी खुंट्या खाली ठेवल्या. "बाई, चूक माझीपण आहे. विहीर एक दिवस बंद ठेवून मग मोजायची असते. मला घाई होती."

ते माझ्याबरोबर विहिरीवर आले. मी विनवलं होतं, तुम्ही एकटे जा, मी मागून येते. ते म्हणाले, बरं. पण उतारावर विशाखानं त्यांचं बोट धरलं आणि दुसऱ्या हातानं माझं. तशीच तिनं आम्हाला बायकांच्या समोर नेलं.

टेप आत गेला, वर आला. खडू भिजलेला.

"नऊ फूट," साहेब म्हणाले, कुणाकडेही न बघता. "मला हे लिहावं लागेल, मावशी."

"लिव," बनात्या म्हणाल्या. "तिनं तुला हात धरून आनलंच हाय तर लिव."

"मी तहसीलचा माणूस नाही. माझा अहवाल माझ्या ऑफिसला जातो."

"आन तिथून?"

साहेबांनी टेप पुसला. "तिथून कुठं कुठं जातो, ते माझ्या हातात नाही."

बनात्यांनी मान हलवली, जणू त्यांना एवढंच ऐकायचं होतं. त्यांनी घागर उचलली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि माझ्या अंगावरून निघून गेल्या. त्यांच्यामागून एकेक जण गेली. पुतळाबाई शेवटी. ती थांबेल असं मला वाटलं. ती विशाखाच्या गालाला हात लावून पुढं गेली.

आठ नाही, अकरा दिवस लागले. तहसीलचा कागद आला, तलाठ्यानं वाचून दाखवला. पहाटेपासून नऊपर्यंत वस्तीनं पाणी भरायचं, नंतर टँकर. विहिरीवर इंजिन बसलं. दिवसभर त्याचा फटफट आवाज आणि डिझेलचा वास. वरच्या गावात टँकर पोचला की तिथल्या बायकांची भांडणं खाली ऐकू यायची. काळ्या पाण्याची जागा मात्र माळावरून उठली. साहेबांनी तसं लिहिलं म्हणे. वस्तीत त्याबद्दल कुणी चांगलं-वाईट बोललं नाही. जे पाणी आलंच नाही, त्याचं काय बोलायचं. जो टँकर आला, तो रोज दिसत होता.

मी पहाटे जाईनाशी झाले. पहाटे गेलं तर कुणी भांडायचं नाही. रांगेत माझ्यापुढं नि मागं एकेका माणसाची जागा मोकळी राहायची, एवढंच. त्यापेक्षा इंजिन बंद झाल्यावर, दिवस मावळायच्या आधी जाणं बरं. तेव्हा पाणी तेराव्या-चौदाव्या थरावर असायचं, गढूळ. दोर लांब लागायचा. विशाखा काठावरून सांगायची, "बुडली. आता वड." घागर वर आली की दोघी मिळून ती फडक्यानं गाळायचो. ती फडकं धरायची, मी ओतायचे.

एकदा पुतळाबाईच्या घरातून हसण्याचा आवाज आला. ती कुणाची तरी चाल करून दाखवत असावी. पावलं मोजून टाकणारी, पदर नीट सावरणारी, असं काहीसं. मी भिंतीच्या अलीकडे पीठ मळत होते. माझीच चाल असेल तर बरं, असं मला वाटून गेलं. निदान मी त्यांच्या बोलण्यात आहे.

हे आले तेव्हा मी काही सांगितलं नाही. त्यांना गाडीतच सगळं कळलं होतं. जेवताना म्हणाले, "होईल हळूहळू. पाऊस पडला की टँकर जाईल, मग कोन ध्यानात ठेवतंय." मी भाकरी वाढली. ध्यानात कोण ठेवतं ते मला ठाऊक होतं. बोटांवर थर मोजणारं माणूस ठेवतं. पण त्यांना सकाळची गाडी होती.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी आम्ही दोघी विहिरीवर होतो. इंजिन नुकतंच थांबलं होतं, त्यामुळं कान भरल्यासारखे झाले होते. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर तीच जीप उभी दिसली. दोन माणसं चुन्याची पांढरी रेघ ओढत चालली होती, सरळ, लांब. मधे कुणीतरी उकिडवं बसलेलं. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण बसण्याची ढब ओळखीची होती.

"साहेब," विशाखा म्हणाली. तिनं हात हलवला. तिकडून कुणी बघितलं नाही.

"आता तिकडं खड्ड्याला पाजायलेत?"

"व्हय."

"काळं पानी तिकडं जानार?"

"व्हय, बाळा. फडकं नीट धर."

तिनं फडकं धरलं. मी ओतायला घागर वाकवली. टेकाडाच्या पलीकडून धुराची एक बारीक रेघ वर चढत होती. कुणीतरी चूल पेटवली असावी. सहा वर्षांत मी ओढ्यापलीकडे कधी गेले नव्हते. विशाखा त्या धुराकडे बघत राहिली, आणि फडक्याचं तिच्या हातातलं टोक सैल झालं.

"आई," ती म्हणाली, "तिकडं कुनाची हीर हाय?"